डकडीएनएस आणि नाशिकचं घरगुती फायबर : जमतं, पण आधी वॅन आयपी बघा

घरी नेक्स्टक्लाउड (स्वतःचं फाइल-भांडार), होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालवणाऱ्याची अडचण ठरलेली: लाइट गेली, राउटर परत चालू झाला की आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा पत्ता, बदललेला. डकडीएनएस ही सेवा त्या बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देते, बाकी काही करत नाही. पैसे नाहीत, एका खात्यावर पाच नावं, लॉगिन गूगल किंवा गिटहबच्या खात्यावरून. अशीच सेवा देणाऱ्या डाइनने (Dyn) 2014 मध्ये फुकट सेवा गुंडाळली. नो-आयपीची फुकट योजना अजून आहे, पण तिथे दर 30 दिवसांनी नाव कन्फर्म करत बसावं लागतं. डकडीएनएसला ती कटकट नाही.

नोंदणीला दोन मिनिटं पुरतात. नाव निवडलं की एक लांबलचक टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, मिळतं. त्यांच्या अपडेटच्या पत्त्यात नाव आणि टोकन घालून कर्लने (कमांडवरून वेबपत्ता उघडणारं साधन) हाक मारायची. आयपीची जागा रिकामी ठेवली तर हाक जिथून आली तो आयपी डकडीएनएस स्वतःच नोंदवते. उत्तर येतं 'ओके' किंवा 'केओ'. केओ आलं तर टोकन किंवा नाव चुकलंय. रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) ही ओळ स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर 5 मिनिटांनी लावा आणि स्क्रिप्टची परवानगी 700 ठेवा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच उघडता येईल. टोकन ज्याच्या हाती लागेल तो तुमची पाचही नावं हवी तिकडे वळवू शकतो, त्यामुळे मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये ते दिसू देऊ नका.

खरी फसगत त्या 'ओके'मध्ये आहे. ओके म्हणजे आयपी नोंदला, इतकंच. तो आयपी तुमचा आहे का, हे डकडीएनएसला कळत नाही. सिडको असो, इंदिरानगर असो की नाशिक रोड, केबलवाल्याकडून घेतलेलं फायबर बऱ्याचदा सीजीनॅटच्या मागे असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला. अशा कनेक्शनवरही दर पाच मिनिटांनी इमानदारीत ओके येत राहतं आणि बाहेरून काहीही उघडत नाही. लोक मग पोर्ट फॉरवर्डिंगशी (बाहेरून आलेली हाक राउटरमधून घरच्या सर्व्हरकडे वळवणं) झटापट करत दोन-दोन रविवार घालवतात.

म्हणून नाव नोंदवण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर प्रश्न मिटला. वॅन आयपी 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तो सीजीनॅटच, कारण हा पट्टा 2012 पासून त्यासाठीच राखीव आहे. 10 ने सुरू होत असेल तरी बहुतेक वेळा तेच. 192.168 दिसत असेल तर आधी घरातच शोधा: ऑपरेटरची ओएनटी (फायबर जिच्यात येतं ती पेटी) स्वतः राउटर बनून बसलीय आणि तिच्यामागे तुमचा राउटर, म्हणजे डबल नॅट, पत्त्याची दोनदा अदलाबदल. ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता फक्त सिग्नल पुढे देणारी) टाकून घ्या, पीपीपीओईचं (लाइनच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (ऑपरेटरच्या नेटवर्कमधला क्रमांक) मागून घ्या आणि डायल तुमच्या राउटरवरून होऊ द्या. मग वॅन आयपी पुन्हा तपासा.

सीजीनॅट निघाला तर ऑपरेटरला फोन करताना शब्द जपून वापरा. 'स्टॅटिक आयपी' (कधीच न बदलणारा) म्हटलंत की वर्षाचं वेगळं बिल समोर येतं. तुम्हाला हवाय पब्लिक आयपी, इतर घरांत न वाटलेला. तो रोज बदलला तरी चालतो, डकडीएनएस घेतलंय ते त्यासाठीच. 'सीजीनॅटमधून काढा, डायनॅमिक पब्लिक द्या' असं स्पष्ट सांगा. समोरच्याला कळलं नाही तर त्यांच्या नेटवर्क बघणाऱ्या माणसाशी बोला, वसुलीला येणाऱ्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नाही.

पब्लिक आयपी मिळाला की पुढचं सोपं. सर्व्हरला राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) पत्ता राखून ठेवा, एचटीटीपीएसचं 443 पोर्ट त्याच्याकडे फॉरवर्ड करा आणि तपासणी मोबाइल डेटावरूनच करा. घरच्या वायफायवरून नाव उघडलं नाही म्हणून लगेच घाबरू नका; ऑपरेटर देतो त्या बऱ्याच राउटरना नॅट लूपबॅक (घरातून बाहेरच्या आयपीला मारलेली हाक परत घरात वळवणं) येत नाही. घरात पाय-होल (नावाचा आयपी सांगणारा घरचा सर्व्हर) असेल तर तेच नाव त्यात सर्व्हरच्या घरगुती पत्त्यावर वळवून टाका.

एसएसएलच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सुरक्षित जोडणीच्या) बाबतीत ही सेवा दिसते त्यापेक्षा तगडी आहे. काही ऑपरेटर आत येणारं 80 पोर्ट अडवतात, मग फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी अडते. डकडीएनएस टीएक्सटी नोंद (नावाला जोडलेला छोटा मजकूर) करू देते, त्यामुळे एकही पोर्ट न उघडता डीएनएस पद्धतीने सर्टिफिकेट निघतं. नावाच्या आधी टिंब देऊन काहीही जोडलं तरी ते त्याच आयपीवर येतं, म्हणून एका नावावर कॅडी किंवा एनजिनएक्स (हाक योग्य सेवेकडे पोचवणारे वेब सर्व्हर) लावून चार सेवा चालवता येतात. मेख एवढीच की टीएक्सटी एका वेळी एकच टिकते. मूळ नाव आणि वाइल्डकार्ड (आधी काहीही जोडलेली सगळी नावं) दोन्ही एकाच सर्टिफिकेटमध्ये मागितले की दुसरी नोंद पहिलीला पुसते आणि तपासणी फेल जाते. दोन्ही वेगवेगळी काढा.

आता आयपी बदलतो त्या क्षणाचं. टीटीएल (मिळालेला आयपी इतरांनी किती वेळ धरून ठेवायचा ते) 60 सेकंदांचा, क्रॉन 5 मिनिटांचा, म्हणजे वाईटात वाईट सहा मिनिटं नाव जुन्याच आयपीकडे बोट दाखवत राहतं. तोवर तो आयपी कदाचित गंगापूर रोडवरच्या दुसऱ्याच कुणाला मिळालेला असतो. या वेळात ब्राउझरने सर्टिफिकेटची तक्रार केली तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. साध्या एचटीटीपीवर सेवा चालवत असाल तर अशी तक्रारही येत नाही, तुमचा पासवर्ड थेट परक्याच्या दारात. मिक्रोटिकचा राउटर असेल तर पीपीपी प्रोफाइलच्या ऑन-अप स्क्रिप्टमध्ये अपडेटची हाक टाका. लाइन जोडली जाताच नोंद होते, क्रॉनची वाट बघावी लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) डीडीएनएस पॅकेजमध्येही डकडीएनएस तयार आहे.

वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: वायरगार्ड नावाचा आयपी फक्त सुरू होताना विचारतं. घरचा आयपी बदलला तरी लिनक्सवरचा क्लायंट जुन्याच पत्त्यावर पॅकेट धाडत राहतो. वायरगार्ड-टूल्ससोबत रीरिझॉल्व्ह-डीएनएसची (नावाचा आयपी पुन्हा विचारणारी) स्क्रिप्ट येते, ती टायमरवर लावा. फोनवर बंद करून चालू केलं की झालं.

लाइट गेल्यावर आयपी टिकवायचा तर 12 व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस लावा, पण ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करून बघा आणि पिनची पोलॅरिटीही तपासा. फायबर ज्या खांबांवरून येतं तिथल्या जोडण्यांचाच करंट गेला तर मात्र तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात घरातल्या उपकरणाला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो) असेल तर सीजीनॅटला वळसा घालता येतो. डकडीएनएस तो पत्ता आपणहून ओळखत नाही, स्क्रिप्टमधून द्यावा लागतो; तोही राउटरचा नव्हे, सर्व्हरचा, आणि तात्पुरता नव्हे, स्थिर असलेला. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट उघडा. मात्र ऑफिसचं वायफाय फक्त आयपीव्ही4 (जुनी पद्धत) असेल तर तिथून काही दिसणार नाही.

दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत सिमवर चालणारे कॅमेरे असतील तर आयपीव्ही4 वर डकडीएनएसच्या नादी लागू नका, मोबाइल डेटा जवळपास नेहमीच सीजीनॅटमागे असतो. तिथे टेलस्केल (तुमच्या उपकरणांना जोडणारं खासगी नेटवर्क) टाका. स्वतःचं डोमेन असेल तर क्लाउडफ्लेअरचा टनेल. दोन्ही आतून बाहेर जोडतात, त्यामुळे पब्लिक आयपी लागत नाही आणि पोर्टही उघडावं लागत नाही.