चपट्या कॅबिनेटसाठी 6 जीबीचे आरटीएक्स 3050

एका कार्यालयाने निकालात काढलेला, कोअर आय-फाइव्ह 6500 प्रोसेसरचा चपटा डेस्कटॉप मी चार वर्षे वापरत आहे. पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठी तो उत्तम असला, तरी मोबाइलवर घेतलेले दहा-बिटी एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची एक पद्धत) स्वरूपातील चित्रण त्यावर अडखळत चाले. त्याच्या पॉवर सप्लायला ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर नाही आणि कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. या दोन्ही अटींत बसणारे, एनव्हिडियाचे 6 जीबीचे आरटीएक्स 3050 हे ग्राफिक्स कार्ड मी लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, स्वरूपात, साधारण वीस हजार रुपयांना, लॅमिंग्टन रोडवरून आणले.

या नावाने खरेदीदाराची फसगत होऊ शकते. 2022 मध्ये आलेल्या 8 जीबीच्या 3050 मध्ये 2560 कुडा कोअर (गणना करणारे छोटे घटक) आहेत आणि ते 130 वॅट वीज घेते. 2024 मधील 6 जीबीच्या कार्डात कोअर 2304 असून मेमरी बसही (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा मार्ग) 128 बिटांऐवजी 96 बिटांची आहे. याला निराळे नाव द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याची 70 वॅटची गरज कार्ड ज्यात बसते त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या 75 वॅटच्या मर्यादेत भागते, आणि मला हवे होते ते नेमके हेच.

एएमडीचे आरएक्स 6400 याहून कमी विजेवर चालते. पण ते स्लॉटमधल्या केवळ चार लेन (डेटाच्या वाटा) वापरत असल्यामुळे पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या जुन्या बोर्डावर त्याची कोंडी होते, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ ठरावीक स्वरूपात साठवणारा भाग) नाही. इंटेलच्या आर्क ए380 ला रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय लागते, जी माझ्या बोर्डावर नाही.

बसवताना आधी कार्डाची कॅबिनेटला जोडायची उंच पट्टी काढून खोक्यातली आखूड पट्टी लावावी लागली. त्यातला एक बारीक स्क्रू पॉवर सप्लायखाली गेला आणि तो चुंबकाने ओढून काढण्यात अर्धा तास गेला. कार्ड दोन स्लॉटची जागा व्यापते, त्यामुळे शेजारच्या स्लॉटमधले वाय-फाय कार्ड काढावे लागले. माझ्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुनी अॅनालॉग जोडणी) आहे आणि या कार्डावर ते नाही; दुकानदाराने दिलेल्या साध्या केबलने चित्र येईना. डिजिटल सिग्नलचे अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा अॅडॅप्टर दुसऱ्या दिवशी आणल्यावरच पडदा उजळला.

आता तेच चित्रण संकलन करताना सरळ पुढे-मागे सरकते आणि यूट्यूबचे एव्ही1 स्वरूपातील व्हिडिओ प्रोसेसरवर भार न टाकता चालतात. एव्ही1 मध्ये एन्कोड करणे मात्र या पिढीच्या कार्डाला जमत नाही. खेळांच्या बाबतीत चार कोअरचा प्रोसेसर आधी दमतो: गर्दीच्या दृश्यात तो 100 टक्क्यांवर पोहोचतो आणि कार्ड निवांत बसलेले दिसते, म्हणून केवळ खेळांसाठी अशा यंत्रात हे कार्ड घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

दोन छोटे पंखे भाराखाली बारीक शिट्टीसारखा आवाज करतात. दिवसा तो जाणवत नाही, रात्री घर शांत झाल्यावर मात्र शेजारच्या खोलीतून आईने विचारले, “मिक्सर लावलाय का रे?”