पिशवी काढल्यावरही वाफा थांबत नाहीत: गोळी वाढवायची, जेल लावायचं की आणखी काही?

गर्भपिशवी काढली, हार्मोनची गोळीही सुरू झाली, आणि तरी रात्री दोन वाजता अंगात गरम वाफ उसळून जाग येते तेव्हा उशी घामाने ओली असते. अशा वेळी बहुतेक बायकांच्या मनात एकच प्रश्न येतो: गोळीचा डोस वाढवायचा का? मला वाटतं, त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. नेमका कोणता त्रास उरलाय, आणि औषध अंगात कोणत्या वाटेने जातंय. डोस वाढवूनही न सुटणारे त्रास असतात, आणि वाट बदलली की कमी डोसात सुटणारेही असतात.

सुरुवात कपाटातल्या फाईलपासून

डिस्चार्ज कार्ड बाहेर काढा. त्यावर ऑपरेशनचं नाव आद्याक्षरांत लिहिलेलं असतं. टीएएच म्हणजे पोटावरून गर्भाशय काढलं, व्हीएच म्हणजे खालून, टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून. खरं महत्त्वाचं त्यापुढे असतं. ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर नळ्यांसकट दोन्ही ओव्हरी, म्हणजे बीजकोश, गेल्या. नुसतं ‘बीएस’ असेल तर नळ्या गेल्या, ओव्हरी जागेवर आहेत. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीत नसतं, कारण घरात सगळ्यांना एवढंच सांगितलेलं असतं की ‘पिशवी काढली’.

फरक मोठा आहे. पाळी आपोआप जाते तेव्हा इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीत बनणारं मुख्य स्त्री-हार्मोन, काही वर्षांत हळूहळू उतरतं. दोन्ही ओव्हरी काढल्या की ते एका दिवसात पडतं. म्हणून चाळिशीत असं ऑपरेशन झालेल्या बाईला पंचावन्नच्या बाईपेक्षा जास्त डोस लागणं अगदी स्वाभाविक आहे; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओव्हरी ठेवल्या असतील तरी ऑपरेशननंतर त्या काही जणींत लवकर थकतात. पाळीच नसल्यामुळे ते कळायला दुसरी खूण राहत नाही, मग वाफा हीच पहिली बातमी ठरते.

गर्भाशय नसलं की एरवी एकटं इस्ट्रोजेन पुरतं, गर्भाशयाचं अस्तर सांभाळणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गरज नसते. पण गर्भाशयाचं तोंड ठेवलं असेल, किंवा ऑपरेशन एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढण्याचा आजार) झालं असेल, तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉन जोडतात. ते ‘उगाच दिलंय’ समजून स्वतः बंद करू नका.

वाफा की उकाडा?

कोकणात हा प्रश्न खरोखरच पडतो. एप्रिल-मे महिन्यात मालवणात काय नि गुहागरात काय, सगळ्यांनाच घामाच्या धारा लागतात. वाफ ओळखायची ती अशी: छातीतून उसळून मानेवर, चेहऱ्यावर चढते, काही मिनिटं राहते, छाती धडधडते आणि उतरताना कधी थंडी वाजते. उकाडा असा चढत-उतरत नाही. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडतो, तिथेच दिवसाच्या आणि रात्रीच्या वाफांच्या रेघा ओढा. डोस बदलायचा की नाही हे डॉक्टरांना त्या रेघांवरून जितकं कळतं तितकं ‘लई त्रास होतो हो’ यावरून कळत नाही.

शिवाय कोणताही डोस सुरू केला किंवा बदलला की साधारण तीन महिने द्यावे लागतात. तीन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडणं म्हणजे औषधाला संधीच न देणं.

गोळी आणि जेल

खरी तुलना इथे आहे. इस्ट्राडायोलची, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराची, गोळी 1 किंवा 2 मिलिग्रॅमची येते. सोपी, स्वस्त, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारी, सासूसमोरही पाण्याबरोबर घेता येणारी. पण गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते, आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांवर तिचा परिणाम होतो. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका गोळीने वाढतो. त्वचेतून नेहमीच्या डोसात घेतलेल्या इस्ट्रोजेनने तो वाढत असल्याचं दिसत नाही. म्हणून वजन जास्त आहे, बीपी आहे, मायग्रेन आहे, पित्ताशयात खडे आहेत किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेलं आहे, अशा बाईला 1 ची गोळी 2 ची करण्याआधी मी कातडीवर लावायच्या इस्ट्राडायोल जेलबद्दल विचारायला सांगेन.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर हे नक्की वाचावं. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतं, मग तीच थायरॉक्सिनची गोळी कमी पडू लागते. आमच्या ओळखीच्या कुडाळच्या एका काकूंचं असंच झालं. हार्मोनची गोळी वाढवली, वाफा कमी झाल्या, पण थकवा आणि केसगळती वाढली, आणि सगळा दोष ‘वयाला’ गेला. पुढे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्यावर कारण सापडलं. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करून घ्यावं. जेलमध्ये ही भानगड फारशी होत नाही.

जेलचा हिशेब असा. 0.06 टक्के जेलच्या अडीच ग्रॅमात दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असतं, आणि ते ढोबळमानाने 2 मिलिग्रॅमच्या गोळीच्या बरोबरीचं धरतात. जेलचा मोठा फायदा म्हणजे डोस थोडा थोडा वर-खाली करता येतो. तोटा म्हणजे प्रत्येकीच्या कातडीतून ते सारखं शोषलं जात नाही. पुरेसं जेल लावूनही फरक नसेल तर रक्तातलं इस्ट्राडायोल तपासण्यात अर्थ आहे. गोळीवर असताना त्या आकड्याचा तितका उपयोग नसतो.

आता आपल्या हवेचं. जेल कोरड्या, स्वच्छ कातडीवर लावायचं. खोबरेल तेल चोळलेल्या दंडावर नाही, डास पळवणाऱ्या क्रीमवरही नाही. आषाढात अंगच कोरडं होत नाही अशी तक्रार मी खूप ऐकली आहे. त्यावर उपाय म्हणजे संध्याकाळची अंघोळ झाली की अंग नीट पुसून पंख्याखाली बसायचं, दोन्ही दंडांवर बाहेरच्या बाजूने किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही. पाचेक मिनिटांत वाळतं, दमट दिवसात थोडं जास्त लागतं. तासभर तरी पाणी लावू नये. छातीवर कधीच लावायचं नाही. आणि घरात नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असतील तर दंडाऐवजी मांडीच बरी, कारण ओलं जेल लहान मुलाच्या कातडीला लागणं चांगलं नाही. लावून झालं की हात साबणाने धुवा.

पॅच, म्हणजे औषधाची चिकटपट्टी, हाही त्वचेतूनच काम करतो, बहुतेक आठवड्यातून दोनदा बदलायचा असतो, 50 मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे साधारण वरच्याच मापाचं जेल. पण घामाने कडा सुटतात आणि जवळच्या मेडिकलमध्ये तो मिळेलच असं नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्या बाईला मी पॅच सुचवणार नाही.

जो त्रास गोळीने जात नाही

वाफा गेल्या, झोप आली, पण संबंधाच्या वेळी दुखतं, बसताना खाली चरचरतं, लघवीला जळजळ होते आणि वर्षातून तीन-चारदा अँटिबायोटिक घ्यावं लागतं. हे कोणी बोलत नाही, डॉक्टरही गर्दीत विचारत नाहीत, आणि मग नुसत्याच गोळ्या वाढतात. योनीमार्गाचा कोरडेपणा काही जणींत पूर्ण डोस चालू असूनही उरतो. त्याला जागेवरचं औषध लागतं: एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं योनीत लावायचं क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते अगदी थोडं जातं, गोळी किंवा जेलबरोबर चालतं, आणि वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शनही कमी करतं. बंद केलं की त्रास परततो, म्हणून ते चालूच ठेवायचं असतं. माझ्या मते या सगळ्या आढाव्यात सर्वांत कमी वापरलं जाणारं औषध हेच आहे. तपासणीला गेल्यावर मिस्टरांना पाच मिनिटं बाहेर बसवा आणि सरळ सांगा.

इच्छाच उरली नाही, ही तक्रार ओव्हरी काढल्यावर खरी असू शकते, कारण इच्छेशी संबंध असलेलं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही ओव्हरी बनवतात. त्यासाठी टिबोलोन ही 2.5 मिलिग्रॅमची वेगळी गोळी काहींना उपयोगी पडते. साठीनंतर तिने पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी ती घेऊ नये.

‘कॅन्सर होतो म्हणे’

या भीतीचं मूळ अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात आहे. 2002 मध्ये त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) अशा जोडगोळीचा भाग थांबवला, स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून. पण गर्भाशय काढलेल्या 10,739 बायकांचा नुसत्या इस्ट्रोजेनचा भाग वेगळा होता. तो 2004 मध्ये पक्षाघाताच्या वाढीव धोक्यामुळे थांबला. स्तनाचा कर्करोग त्यात वाढलेला नव्हता. त्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढे होतं आणि औषध तोंडावाटे होतं. तुमच्यासाठी लागू भाग हा दुसरा आहे, आणि भीती मात्र पहिल्याची पसरली आहे.

म्हणून वयाप्रमाणे उत्तर बदलतं. बेचाळिशीत दोन्ही ओव्हरी गेल्या असतील आणि मनाई करणारं काही कारण नसेल, तर निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन घेणं हाडांसाठी आणि हृदयासाठीही योग्य. तिथे डोस ‘कमीत कमी’ ठेवण्याचा अट्टहास चुकीचा वाटतो. बासष्टाव्या वर्षी तोच डोस रेटणं मात्र योग्य नाही. उतरवून, त्वचेतून, गरजेपुरतं.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हार्मोनचा विचार कॅन्सरच्या डॉक्टरांशिवाय नको. व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्रीची गॅबापेंटिन ही हार्मोन नसलेली औषधं वाफा कमी करतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांसाठी दिलं जाणारं पॅरॉक्सेटिन टाळतात. वाफांवरच्या या बिगर-हार्मोन औषधांनी हाडं वाचत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

मोठ्या दवाखान्यासाठी सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीला, संगमेश्वराकडून डेरवणला किंवा घाट चढून कोल्हापूरला जायचं तर एक अख्खा दिवस मोडतो. जाण्याआधी गावातच टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, लिपिड करून घ्या, आरोग्य केंद्रात बीपी मोजून कागदावर लिहून न्या, आणि डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट नि कालनिर्णयचं पान सोबत ठेवा. मधल्या काळात एकाच पायाची पिंढरी सुजून दुखली, अचानक दम लागला, बोलणं अडखळलं किंवा खालून रक्त दिसलं, तर तीन महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जा.