जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगतो. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर नव्या कॉम्प्युटरमध्ये ती जरूर लावा. फक्त तिच्यावरून विंडोज चालवू नका आणि तुमच्या कामाची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका. हे दोन नियम पाळले तर ती अजून बरीच सेवा देते. माझी देते आहे.

फोंड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडण्याचं काम आहे. जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, देवस्थानांच्या आणि भजनी मंडळांच्या स्मरणिका. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि माझा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, म्हणून पावसाआधीच नवा पीसी घेतला. त्यात विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान एसएसडी आहे. जुन्यातली वेस्टर्न डिजिटलची १ टीबीची ब्लू हार्ड डिस्क, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, तेवढी काढून इकडे आणली. भाचा म्हणाला, "मामा, आता कोण हार्ड डिस्क लावतं? एसएसडी घ्या." एसएसडी घेतलीच आहे. पण इतक्या वर्षांच्या फाइल्स जिथे आहेत तिथेच राहून कामाला येत असतील, तर तेवढ्याच जागेची दुसरी एसएसडी लगेच विकत घेण्याची मला गरज वाटली नाही.

बसवण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघितली. वर 'गुड' असं निळ्या रंगात दिसतं, तेवढ्यावर थांबू नये. खालच्या तक्त्यात तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निकालाची वाट बघत असलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्तच न होणारे. तिन्हींच्या कच्च्या आकड्यात ('रॉ व्हॅल्यूज') शून्य असेल तर पुढे जा. डिस्क किती तास चालली आहे तेही तिथे कळतं. तास जास्त असले म्हणून मी घाबरत नाही, पण सी५ मध्ये शून्याऐवजी काहीही दिसलं तर ती डिस्क मी कामाला घेणार नाही.

नव्या कॅबिनेटांत साडेतीन इंची डिस्कची जागा कमी होत चालली आहे. माझ्यात खाली एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) शेजारी एक पिंजरा आहे, तिथे ती बसली. तिचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, एसएसडीचे बारीक स्क्रू त्यात चालत नाहीत. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो आणि डिस्क फिरायला लागली की तो घुमतो. स्क्रूखाली रबरी वॉशर घातल्यावर आवाज पुष्कळ खाली आला. मदरबोर्डचं पुस्तक उघडून एक गोष्ट मात्र बघाच: काही बोर्डांवर एम.२ च्या खाचेत एसएसडी लावली की एखाददुसरं साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावायची जागा) बंद होतं. डिस्क दिसत नाही म्हणून ती मेली असं समजण्याआधी केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली होती. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज स्वतः एसएसडीवर जातं, पण चालू होण्यासाठी लागणारा छोटा भाग कधी कधी जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतं. मग उद्या जुनी डिस्क काढली की चांगली एसएसडी असूनही कॉम्प्युटर सुरू होत नाही. जुन्या डिस्कवरच्या जुन्या विंडोजवरून नवा पीसी चालवायचा विचार तर सोडूनच द्या. डिस्कची जुनी मांडणी बहुधा एमबीआर पद्धतीची असते आणि अनेक नवे बोर्ड कॉम्प्युटर सुरू करण्याची फक्त यूईएफआय ही नवी पद्धत ओळखतात.

पहिल्या दिवशी जुनं 'युजर्स' फोल्डर उघडताना परवानगी नाही असं सांगतं. 'कंटिन्यू' दाबलं की विंडोज एकेका फाइलची परवानगी बदलत बसतं. लहान फाइल्स हजारोंनी असतील तर चहा पिऊन यावं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर डिस्क काढण्यापूर्वीच ४८ आकड्यांची रिकव्हरी की लिहून घ्या.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कमाई. माझं जुनं काम युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. एका जत्रोत्सवी नाटकाचं हँडबिल नव्या पीसीवर उघडलं तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं. ओळख पटेल असं फक्त समईचं चित्र. फॉन्ट कुठून आणायचे? ते जुन्या डिस्कवरच होते, तिच्या 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' मध्ये. तिथून उचलून नव्यात बसवले, फाइल पुन्हा उघडली, आणि माथ्यावर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' जशीच्या तशी उभी राहिली, खाली कलाकारांची नावं, भूमिका, ऑर्गनची साथ, सगळं आपल्या जागी. त्या यादीतले काही जण आता नाहीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की नवा पीसी आला म्हणून जुनी डिस्क घाईघाईने फॉरमॅट करू नका. प्रोग्रॅम तिच्यावरून चालत नाहीत, ते नव्याने टाकावे लागतात. पण फॉन्ट, टेम्प्लेटं, ब्राउझरचे बुकमार्क हे सगळं आपण 'डॉक्युमेंट्स' मध्ये शोधत बसतो आणि ते असतं भलतीकडेच.

वेगाबद्दल खोटं बोलणार नाही. मोठी फाइल सलग वाचताना ही डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास जाते, एनव्हीएमई काही हजारांत. चालू काम मी एसएसडीवर करतो आणि छापून झालं की डिस्कवर हलवतो. स्मरणिकेची पीडीएफ डिस्कवरून उघडताना फरक जाणवत नाही, शेकडो फोटोंच्या लघुचित्रांचं फोल्डर उघडताना चांगलाच जाणवतो. आणखी एक त्रास होता: थोडा वेळ डिस्कला हात लावला नाही की ती झोपते. मग 'सेव्ह अ‍ॅज' दाबलं की ती फिरायला लागेपर्यंत खिडकी गोठून राहायची. पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ २० मिनिटं धरलेली असते, ती शून्य केली. दिवसभर फिरत राहते, पण वारंवार थांबून पुन्हा सुरू होण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

खरी परीक्षा आपल्या पावसाची. जुलैत इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर कॉम्प्युटरची काय कथा. डिस्कच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं, हवेचा दाब समान राहण्यासाठी. ते झाकू नका असं तिथेच लिहिलेलं असतं, त्यावर स्टिकर वगैरे चिकटवू नये. पावसाळ्यात काम नसलं तरी पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवला, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. जूनच्या सुरुवातीला क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ चा आकडा वाढताना दिसला. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाचा नसतो, केबलमधून माहिती जाता-येता होणाऱ्या चुकांचा असतो. केबल जुन्या पीसीतलीच होती. नवी, क्लिपवाली साटा केबल लावली, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि आकडा तिथेच थांबला. तो कधी मागे जात नाही, वाढायचा थांबला की झालं.

वीज गडगडली की आमच्याकडे लाइट जाते, येते, परत जाते. अचानक वीज गेली तरी फिरत्या तबकड्यांच्याच जोरावर वाचणारी टोकं बाजूला जाऊन बसतात, एवढी सोय डिस्कमध्ये असते. पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल शाबूत राहीलच असं नाही. यूपीएस हवाच.

स्मरणिका आणि हँडबिलांची दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आहे आणि ती घरी नाही, बहिणीकडे मडगावला असते. दर महिन्याला तब्येतीचा तक्ता बघतो. ०५, सी५, सी६ आजही शून्यावर आहेत. सी५ हलला त्याच दिवशी डिस्क बदलायची आणि जुनीवर एकही नवी फाइल लिहायची नाही, हे ठरलेलं आहे.