तालुक्याच्या दवाखान्यातला सिकलसेल कक्ष: दीड वर्षातल्या सात फेऱ्या

लेकाचं कार्ड लाल, म्हणजे तो रुग्ण; माझं आणि त्याच्या बाबांचं पिवळं, म्हणजे आम्ही वाहक, दोष अंगात आहे पण आजार नाही. ज्यांच्या घरात सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे त्यांना एवढ्यावरून सगळं कळेल. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, घरची धानाची शेती. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलचा वेगळा कक्ष आहे, तिथला अनुभव लिहिते आहे.

त्याआधी एका खासगी लॅबचं सांगते. पोराचे हातपाय ठणकत होते, रात्रभर झोप नाही. हिमोग्लोबिन ५.४ वर आलं, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी रक्त चढवलं. त्यानंतर बाराव्या दिवशी त्या लॅबमध्ये एचपीएलसी, म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती आहे ते दाखवणारी तपासणी केली. रिपोर्टवर लिहून आलं, ‘वाहक’. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. "पोराले काईच नाई माय," म्हणत दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या.

रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी तो कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, याला रक्त कधी चढवलं होतं?" रक्तदात्याचं चांगलं हिमोग्लोबिन पोराच्या रक्तात मिसळलेलं होतं, त्यामुळे रुग्ण असून तो वाहकासारखा दिसला. लॅबवाल्याने हे विचारलंच नव्हतं. तीन महिने थांबून पुन्हा नमुना घेतला: एस म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन ८१.९ टक्के, एफ म्हणजे पोटातल्या बाळाचं १४.२, ए म्हणजे चांगलं शून्य. त्या दिवशी मी व्हरांड्यातच खाली बसले. पण खोटा दिलासा घेऊन घरी बसलो असतो तर गोळी कधी सुरू झाली असती?

ताईंनी एफच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला. "हा आकडा जपा," म्हणाल्या. मग केसपेपरच्या मागच्या बाजूला शेतातल्या दोन मोटारी काढल्या. बाळ पोटात असतं तेव्हा एफची मोटार चालू असते. जन्मानंतर काही महिन्यांत ती बंद पडत जाते आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनची मोटार सुरू होते. आपल्या पोरांमध्ये दोष आहे तो या दुसऱ्या मोटारीत, म्हणून जन्मल्यावर लगेच त्रास दिसत नाही. पहिली मोटार बंद करणारं जे बटन आहे, ते बीसीएल११ए नावाचं जनुक. एफ भरपूर असला की एसच्या साखळ्या लांबत नाहीत, पेशी विळ्यासारखी वाकत नाही.

माझं बीएस्सी झालेलं आहे, घरी येऊन वाचत गेले. २००८ साली हे बटन कशाचं आहे ते नक्की झालं. २०११ मध्ये उंदरांत रक्तपेशींपुरतं ते बंद केलं तर सिकलसेल आटोक्यात आला. हेच जनुक मेंदूच्या वाढीलाही लागतं, म्हणून सगळ्या शरीरात बंद करून चालत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसगेव्ही उपचारात या जनुकाचा रक्तपेशींपुरता चालणारा भागच कापतात. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने दुखण्याचा मोठा झटका आला नाही. मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर होती, वय बारा किंवा त्याहून जास्त लागायचं, आणि आधी कडक केमोथेरपी. माझा पोरगा नऊ वर्षांचा आहे. ताईंना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, "आज आपल्याजवळ गोळी आहे, ती सोडू नका."

गोळी म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. तिनेही एफ वाढतो. नागपुरात मुलांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही गुण आला आहे. पोराचं वजन २३ किलो, कॅप्सूल मिळते ५०० ची, म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड एक लिहून दिली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे दर वेळी आधी रक्त तपासतात, मगच पुढची गोळी. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही, यासाठी मी या कक्षाला सगळ्यात जास्त मानते. वर्षभरात एफ १४.२ वरून २२.६ झाला. आधी दर महिन्या-दोन महिन्याला झटका यायचा, गेल्या दहा महिन्यांत एकदाच आला.

तक्रारीही आहेत. दोनदा कॅप्सूल संपलेली होती, बाहेरून विकत घ्यावी लागली. गोळीत खंड पडला की एफ खाली येतो, हे त्यांनीच शिकवलेलं, मग साठा का संपू द्यावा? एचपीएलसीचा नमुना जिल्ह्याला जातो, रिपोर्टला वीस-बावीस दिवस लागतात, एकदा तर हरवलाच. बाहेर सावली नाही. मे महिन्यात पोरं उन्हात उभी राहतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो. एक मांडव आणि पाण्याचा माठ एवढं तरी करावं.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, जुने सगळे कागद न्या, रक्त चढवल्याची तारीख लिहून न्या. रिपोर्टवर नुसतं ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ असेल तर एफ किती ते विचारा. आमचा पुढचा नमुना पोळ्यानंतर आहे. धानाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी एफचे आकडे तारखेसकट लिहिते, सध्या तिथे तीन आहेत.