कार्पल टनलसाठी पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन? तिन्ही एकाच हातावर केल्यावरचं माझं मत

साताऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. उजव्या हाताला कार्पल टनल सिंड्रोम झाला, म्हणजे मनगटात नस दबून बोटं बधिर होतात तो त्रास, आणि मनगटाचा पट्टा, इंजेक्शन, ऑपरेशन हे तिन्ही मी त्याच एका हातावर केलं, म्हणून लिहायला बसलोय. ज्यांची नर्व टेस्ट झालीये, रिपोर्टवर 'मॉडरेट' आलंय आणि डॉक्टरांनी "काय करायचं ते तुम्ही ठरवा" म्हणून घरी पाठवलंय त्यांच्यासाठी हे आहे. मी डॉक्टर नाही, माझ्या हाताला जे लागू पडलं ते तुमच्या हाताला पडेलच असं नाही, तेवढं धरून वाचा.

ठरवायच्या आधी एक मात्र तपासा, निदान नक्की हेच आहे का. माझे चार महिने मानेच्या पट्ट्यात आणि ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे मानेला ताण देण्यात, गेले कारण हाताला मुंग्या म्हणजे मान असं धरलं गेलं, कुठली बोटं बधिर होतात हे कुणी विचारलंच नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढंच बधिर होत असेल आणि करंगळी ठणठणीत असेल, रात्री दोन-तीनला जाग येऊन हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगट आधी बघायला सांगा. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं खाली वाकवून एक मिनिट धरा, मला चाळीस सेकंदांतच मुंग्या सुरू व्हायच्या. आणि थायरॉईड, शुगर तपासून घ्या. माझ्या मावसबहिणीचे दोन्ही हात बधिर व्हायचे, थायरॉईड कमी निघालं, गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत हात पुष्कळ मोकळे झाले. गरोदरपणात होणारा त्रासही बऱ्याचदा बाळंतपणानंतर आपोआप जातो, त्यांनी घाई करायचं कारण नाही.

आत काय होतं ते मला आमच्या धंद्यातल्या भाषेत कळलं. परकराचा नेफा असतो ना, तसा मनगटात एक नेफा आहे, खाली हाडं आणि वर जाड लिगामेंट (हाडं बांधून धरणारी चिवट पट्टी), त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ दोऱ्या जातात आणि त्यांच्याच सोबत मीडियन नस. दोऱ्यांवरची आवरणं सुजली की नेफ्यात जागा उरत नाही आणि सगळ्यात मऊ तीच असल्याने नस दबते. मनगट वाकवलं की जागा आणखी कमी होते, आणि झोपेत बरेच जण मनगट मुडपून झोपतात, म्हणून रात्री त्रास जास्त. हे डोक्यात बसलं की तिन्ही उपाय काय करतात ते लगेच कळतं. पट्टा मनगट मुडपू देत नाही, इंजेक्शन सूज उतरवतं, ऑपरेशन म्हणजे नेफ्याची शिवण उसवणं.

पट्ट्यापासून सुरू करतो. दिवाळी झाल्यावर मी सहा आठवडे रोज रात्री लावला, एकही रात्र चुकवली नाही. पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता आणि नंतर कळलं की पट्टाच चुकीचा होता. मेडिकलमध्ये मिळतात त्या बऱ्याच पट्ट्यांत जी धातूची पट्टी असते ती मनगट मागे वाकवून धरते, फ्रॅक्चरनंतर वगैरे वापरायला ते ठीक असेल, पण आपल्याला मनगट सरळ हवंय. फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ती पट्टी बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि परत घातली, त्यानंतर रात्री उठणं रोजच्या तीन वेळांवरून एकावर आलं. हे एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. वेल्क्रो चादरीला चिकटतं, घाम येतो, ते सगळं सोसता येतं. पण दिवसा कात्री धरली की बोटं बधिर व्हायची ती तशीच राहिली. पट्टा रात्रीचं बघतो, माझं पोट दिवसाच्या कामावर आहे. कात्री चालवताना पट्टा लावून बघितला, कापड सरळ कापताच येत नाही.

मोजायला माझ्याकडे मशीन नव्हतं, सुई होती. नऊ नंबरच्या सुईत दोरा ओवायला मला पूर्वी एक, फार तर दोन प्रयत्न लागायचे. त्या डिसेंबरात मी एका पैठणीच्या ब्लाऊजला हूक लावत होतो, अंगठा आणि तर्जनीत सुई धरलीये असं मला दिसत होतं पण लागत नव्हतं, सुई कधी सुटली ते कळलंच नाही, मी नुसताच दोरा ओढत राहिलो. ओवायला सहा-सात प्रयत्न लागायला लागले. त्या दिवशी मी इंजेक्शनला हो म्हटलं.

इंजेक्शनबद्दल मी वाईट बोलणार नाही. मनगटाच्या घडीजवळ स्टिरॉइडचं एकच इंजेक्शन, दोन मिनिटांचं काम, टोचताना कळ येते पण सहन होते. दोन दिवस दुखलं, चौथ्या रात्री मी सलग झोपलो, सकाळी सहाला बायकोने हलवून उठवलं तेव्हा कळलं की मधे जागच आली नाही. आठवड्यात सुई दोन प्रयत्नांवर आली. दुकान एक दिवसही बंद ठेवावं लागलं नाही, खर्च ऑपरेशनच्या मानाने किरकोळ. ज्यांना पंधरा दिवसांनी घरात लग्न आहे, परीक्षा आहे, तातडीने हात मोकळा हवाय, त्यांना हेच बरं. डायबेटीस असेल तर मात्र नंतर काही दिवस शुगर वर जाते, माझ्या थोरल्या भावाला ते सांगून ठेवलं होतं म्हणून तो घाबरला नाही.

पण माझा निर्णय जिथे फिरला तो मुद्दा आता येतो, आणि तो दुखण्याचा नाहीये.

आमचा धंदा तारखेवर चालतो. लगीनसराईत बाई ब्लाऊजपीस टाकताना शिलाई किती हे नंतर विचारते, आधी विचारते "काका, नक्की कधी देताय?" आणि मी तारीख सांगतो ती पाळतो, बावीस वर्षांत गिऱ्हाईक टिकलं ते त्यावर. इंजेक्शननंतर फेब्रुवारी-मार्च छान गेले, मी एप्रिल-मेचं काम भरभरून घेतलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे मधलं बोट बधिर होऊन जाग आली. एकदाच. मग चार दिवस काही नाही, मग सलग दोन रात्री. मग पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं, आणि माझ्याकडे चाळीसच्या वर ब्लाऊज पडलेले. तेव्हा मला जो त्रास झाला तो मुंग्यांचा कमी आणि या गोष्टीचा जास्त, की कुणी "नक्की कधी" विचारलं तर मला उत्तरच देता येईना. उद्या हात चालेल की नाही हे मलाच ठाऊक नाही तर मी तारीख कशावर देणार? रोज सकाळी उठल्या उठल्या बोटं एकमेकांवर घासून बघायचो, आज किती आहे ते. एका नवरीचे चार ब्लाऊज मला दुसऱ्या टेलरकडे नेऊन द्यावे लागले, तिची आई काही बोलली नाही, नुसती पिशवी घेऊन गेली, ते अजून लागून आहे.

डॉक्टर म्हणाले दुसरं इंजेक्शन देता येईल. मी विचारलं किती टिकेल, ते प्रामाणिकपणे म्हणाले की सांगता येत नाही, कुणाला वर्ष, कुणाला दोन महिने. हे त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, औषधच तसं आहे. भाच्याने मला दोन अभ्यास वाचून दाखवले. एक २०१८ चा इंग्लंडमधला, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला, त्यात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पट्टावाल्यांपेक्षा बरे होते पण सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नव्हता. दुसरा २००२ चा नेदरलँड्सचा, १७६ पेशंट, पट्टा विरुद्ध ऑपरेशन, त्यात १८ महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांतले ९० टक्के बरे आणि पट्टावाल्यांतले ७५ टक्के. ७५ म्हणजे काही वाईट नाही असं मला वाटलं, पण भाचा म्हणाला पुढे ऐक, तोपर्यंत पट्टावाल्यांतल्या ४१ टक्के लोकांनी ऑपरेशन करूनच घेतलं होतं.

मी आषाढात ऑपरेशन केलं. मुहूर्त नसतात, काम कमी असतं, गिऱ्हाईकांना महिनाभर आधी सांगितलं की एवढ्या तारखेपासून एवढ्या तारखेपर्यंत दुकान बंद. फक्त हाताला भूल, मी जागा होतो, चीर तळहातात सुमारे तीन सेंटीमीटरची. मला चिरल्याचं काही कळलं नाही, दंडाला रक्त थांबवायला जो पट्टा आवळतात तोच जास्त दुखला. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर, संध्याकाळी घरी. दुर्बिणीतूनही करतात, त्यात कामावर जरा लवकर परतता येतं म्हणतात, खर्च जास्त असतो आणि पुढे जाऊन फायदा दोन्हीचा साधारण सारखाच असं सर्जन म्हणाले, म्हणून मी साधं उघडं ऑपरेशन निवडलं. त्याच रात्री बँडेजमध्ये हात ठणकत होता पण मुंग्या नव्हत्या. जखमेचं दुखणं आणि नसेचं दुखणं यातला फरक ज्याने दोन्ही भोगलंय त्याला लगेच कळतो.

आता ऑपरेशनच्या वाईट गोष्टी, कारण त्या लपवून मला कुणाला तिकडे ढकलायचं नाहीये. बाराव्या दिवशी टाके निघाले तोपर्यंत अंघोळ, जेवण, शर्टाची बटणं सगळं डाव्या हाताने. त्यानंतर तळहाताचा मनगटाजवळचा जो फुगीर भाग आहे, चिरीच्या दोन्ही बाजूंना, तो दाबला की दुखायचा. टेबलावर हात टेकून उठता यायचं नाही, आणि मोठ्या कात्रीची मूठ बरोबर तिथेच बसते. हलकी हातशिलाई तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमली, फॉल-बीडिंग पाचव्यात, पण अस्तराचे चार थर एकदम कापायला पूर्ण अडीच महिने गेले. पकड हळूहळू येते, घाई करून चालत नाही. जखम चिघळणं किंवा नसेला इजा होणं क्वचित होतं, पण होऊ शकतं, ते सही करताना नीट विचारा. तर्जनीचं टोक अजूनही किंचित बोथट आहे, बहुतेक मी उशीर केला त्याचं ते आहे.

तरी ते अडीच महिने मला मोजता आले. घटस्थापनेपर्यंत जड काम नाही असं मी पाटीवर लिहिलं होतं आणि तसंच झालं, एक आठवडा इकडेतिकडे. दिवाळीचं काम मी तारखा देऊन घेतलं. इंजेक्शनने मला ऑपरेशनपेक्षा लवकर बरं केलं होतं, हे शंभर टक्के खरं, पण ते बरेपण कधी संपेल ते माहीत नव्हतं.

त्रास फक्त रात्रीचा असेल, दोन-तीन महिन्यांचाच असेल तर माझ्या मते सरळ पट्ट्याने सुरू करा, सहा आठवडे नेटाने लावा. इंजेक्शन निदान पक्कं करायलाही उपयोगी पडतं, त्याने आराम पडला की मनगटच दोषी आहे हे बऱ्यापैकी कळतं, माझ्या सर्जनने ऑपरेशनला लगेच हो म्हणायचं तेही एक कारण होतं. पण बोटं दिवसभर बधिर राहत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनच्या मागे लागण्याआधी सर्जनला एकदा भेटा असं मी म्हणेन. आणि अंगठ्याच्या मुळाशी जी गादी असते ती दुसऱ्या हाताशी ताडून बघा, खड्डा पडल्यासारखी दिसत असेल तर मग थांबूच नका, तो स्नायू एकदा वाळला की परत भरेलच अशी खात्री नाही.

डाव्या हातालाही थोडं सुरू झालंय, रिपोर्टवर 'माइल्ड' आहे, रात्री पट्टा लावतो, पट्टी सरळ करून घेतलेला. अजून तरी आठवड्यात एखाद्या रात्रीच जाग येते. नाहीच थांबलं तर पुढच्या आषाढात, गिऱ्हाईकांना आत्तापासून सांगून ठेवलंय. उजव्या हाताने काल सुई पहिल्याच प्रयत्नात ओवली गेली.