आमच्या इमारतीचा ऑक्सिमीटर

बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायच्या पल्स ऑक्सिमीटरबद्दलचे बहुतेक अभिप्राय वस्तू हातात पडल्यावर दोन-चार दिवसांत लिहिलेले असतात. खोके नीट आले, सेल सोबत होते, आकडा पटकन दिसतो, यापलीकडे त्यांत फारसे काही नसते. ज्या ऑक्सिमीटरबद्दल मी लिहितो आहे तो नाशिकमधल्या आमच्या तीन मजली इमारतीने कोविडच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरात, वर्गणी काढून घेतला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो इमारतीतल्या जवळपास प्रत्येक घरात व काही वेळा इमारतीबाहेरही फिरला. उपकरणाच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अगदी तसेच दिसणारे उपकरण मी नंतर निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकले जाताना पाहिले आहे आणि नावावरून ते निवडता येते असे मला वाटत नाही.

खरेदीचे निमित्त सरकारी मोहिमेचे होते. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि ताप मोजायचे यंत्र व ऑक्सिमीटर घेतलेली पथके दारोदार येऊ लागली. आमच्यापैकी अनेकांनी ही वस्तू तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढी ही वस्तू माणसाला रुग्णालयात न्यायचे की घरीच ठेवायचे हे ठरवायला मदत करते, हे त्या पथकातल्या ताईंनी दारातच समजावून सांगितल्यावर त्याच आठवड्यात वर्गणी जमली. औषधांच्या दुकानात तिला दीड हजारांच्या आसपास पडले. दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिलात, तसल्याच वस्तूसाठी दुप्पट पैसे मोजूनही ती मिळेना. केंद्र सरकारने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली ती २०२१ च्या जुलैत, लाट ओसरल्यानंतर.

उपकरणाचे काम समजून घेणे कठीण नाही. चिमट्याच्या एका जबड्यातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार जातो. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, तर प्राणवायू नसलेले लाल प्रकाश जास्त शोषते. या दोहोंच्या प्रमाणावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग प्राणवायूने भरलेला आहे याचा अंदाज बांधला जातो. खरी अडचण होती ती कातडी, नख आणि हाड यांनी शोषलेला प्रकाश वजा करण्याची. नाडीच्या ठोक्यागणिक कमी-जास्त होणारा भाग तेवढा रोहिणीतल्या, म्हणजे धमनीतल्या, रक्ताचा, हे ओळखून जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही अडचण सोडवली. त्यांचे निधन २०२० च्या एप्रिलात झाले. ज्या महिन्यांत जगभरातील घराघरांत त्यांची कल्पना पोहोचत होती, नेमके तेव्हाच.

अशा घरगुती उपकरणांत साधारण दोन टक्क्यांची चूक गृहीत धरलेली असते. म्हणजे पडद्यावरचा ९४ हा प्रत्यक्षात ९२ असू शकतो आणि ९६ ही असू शकतो. घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णासाठी तेव्हा ९४ हीच वेस ठरलेली असताना ही चूक किरकोळ म्हणता येत नव्हती. तिच्यावरचा उपाय उपकरणात नसून वापरण्याच्या शिस्तीत आहे, आणि आमच्याकडे ती शिस्त आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंमुळे. उपकरण ज्या घरी जाईल त्या घरी एक वहीही जाई. वहीत वेळ, ताप, बसल्यावरचा आकडा, चालल्यानंतरचा आकडा आणि नाडी असे रकाने काकूंनी पट्टीने आखून दिले होते. रोज संध्याकाळी त्या फोन करून सगळे आकडे आपल्याकडेही उतरवून घेत आणि कुणी एखादा रकाना रिकामा ठेवला असेल तर खातेदाराला बोलावे तशा सुरात विचारणा करीत. एखादा आकडा खोटा निघू शकतो, पण सकाळी ९७, दुपारी ९६, रात्री ९४ ही उतरण सहसा खोटी निघत नाही, हे आम्हाला त्या वहीने दाखवले.

चालल्यानंतरच्या रकान्याचा उपयोग पहिल्यांदा एका तरुण शेजाऱ्याला झाला. राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचवली होती. आधी आकडा पाहायचा, सपाट जागी सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा पाहायचा. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालते. आकडा तीन टक्क्यांहून अधिक उतरला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना गाठायचे. हा मुलगा बसल्या जागी ९७ दाखवत होता, ताप उतरत आला होता आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. गच्चीवर चालून आल्यावर तो ९२ वर आला. पुढे छातीचा सीटी स्कॅन झाला, फुप्फुसांना किती बाधा झाली हे सांगणारा, त्या दिवसांत ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला पंचवीसपैकीचा ‘स्कोअर’ आला आणि वेळेवर औषधोपचार सुरू झाले. तो कुठेही दाखल न होता बरा झाला.

या उपकरणाची खरी किंमत मात्र मला तळमजल्यावरच्या, एस. टी. तून चालक म्हणून निवृत्त झालेल्या काकांच्या बाबतीत कळली. ते पॉझिटिव्ह निघून आठवडा होत आला होता. खोकला बेताचा होता, जेवण चालू होते, आणि खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी त्यांच्या गप्पाही चालू होत्या. उपकरण त्यांच्या बोटाला लावले तेव्हा पडद्यावर ८६ आले. त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, “अहो, हे बिघडलंय वाटतं.” ते वाटणे स्वाभाविक होते, कारण समोर बसलेला माणूस हसत होता. त्यांनी दुसरे बोट घातले, दुसरा हात घातला, आकडा ८५-८६ च्या वर जाईना. मग काकूंनी ते स्वतःच्या बोटाला लावले. ९७. त्यानंतर कुणी काही विचारत बसले नाही. प्राणवायू इतका कमी झालेला असूनही धाप न लागणे हा या आजाराचा सर्वांत फसवा भाग होता. प्राणवायू खालावत असताना कार्बन डायऑक्साइड फारसा साठत नाही आणि श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, असे त्याचे एक कारण डॉक्टर सांगतात. काका पुढे बरेच दिवस प्राणवायूवर होते आणि घरी आले ते भिंतीचा आधार घेत. पण घरी आले. केवळ लक्षणांवर विसंबून राहिलो असतो तर त्यांना दवाखान्यात न्यायचे आम्हाला त्या दिवशी सुचले नसते.

ज्यांना या उपकरणाने बरे वाटण्याऐवजी त्रासच झाला अशीही माणसे आमच्यात होती. दुसऱ्या मजल्यावरचे शिक्षक दाम्पत्य दोघेही सौम्य आजारी होते, पण रात्री उठून उठून बोट घालायची त्यांना सवय लागली. ९६ चे ९५ झाले की छाती धडधडे, नाडी ११० वर जाई आणि तो दुसरा आकडा पाहून आणखी भीती वाटे. हा दोष मी अंशतः उपकरणाच्या रचनेकडेही देतो. पडद्यावरचा आकडा क्षणाक्षणाला बदलत राहतो, आणि स्थिर झालेला आकडा कोणता हे सांगायची सोय स्वस्त उपकरणांत नसते. हात टेकवून, बोट न हलवता निदान अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मगच आकडा उतरवावा, हे कुणीतरी सांगावे लागते. त्यांच्या डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा मोजण्याचा आणि एरवी ती वस्तू कपाटात ठेवण्याचा सल्ला दिला. तो औषधाइतकाच लागू पडला.

माझी धाकटी आत्या निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होती. तिच्या वस्तीवर आशाताईंकडचा एकच ऑक्सिमीटर होता आणि त्या तो घेऊन घरोघर फिरत होत्या. आत्याचा आकडा घसरला तेव्हा आतेभावाचा फोन आला. “दादा, नव्वद दाखवतंय. मशीन बरोबर असेल ना?” तोवर शिक्षक दाम्पत्याने स्वतःचा ऑक्सिमीटर मिळवला होता, म्हणून आमचा आम्ही दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवून दिला आणि इकडे बेडसाठी फोन सुरू केले. आमच्या उपकरणाने ८९ दाखवले. दोन वेगळ्या बनावटीच्या, कित्येक महिने लोकांच्या हातांत फिरलेल्या साध्या उपकरणांत फक्त एका टक्क्याचा फरक असावा, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. त्याच सुमारास, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. शहरात प्राणवायूची सोय असलेला बेड मागणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात ज्यांनी फोन केले त्यांनाच ठाऊक. आतेभाऊ आईला पालथे झोपवत होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात सांगितलेल्या या उपायाने तिचा आकडा थोडा वर येई आणि पुन्हा उतरे. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली, व्हेंटिलेटर मिळाला नाही, आणि काही दिवसांत आत्या गेली. उपकरणाने सांगायचे ते वेळेवर आणि बरोबर सांगितले होते. त्या आकड्यावर पुढे जे व्हायला हवे होते ते वस्तूच्या अभिप्रायात बसणारे नाही, पण ते वगळून अभिप्राय लिहिला तर तो अपुरा राहील.

आता तांत्रिक उणिवा. अंगात थंडी भरून बोटे गार पडली असतील तर आकडा एक तर येत नाही किंवा उगाच कमी येतो. अशा वेळी तळवे चोळून ऊब आणावी. गडद नेलपॉलिश काढावे लागते. लग्नसराईत मेंदी लावलेल्या एका वहिनींच्या बोटावर आमचे उपकरण नुसत्या रेघा दाखवत राहिले, शेवटी मेंदी नसलेल्या पायाच्या बोटाला लावून काम भागवले. याहून गंभीर उणीव त्वचेच्या रंगाची आहे. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. आपल्याकडे सावळ्या-काळ्या वर्णाची माणसे इतकी असताना हा मुद्दा खोक्यावर ठळकपणे छापलेला असायला हवा, पण मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर तो नव्हता. बोटाऐवजी पेन घातला तरी ९८ दाखवणाऱ्या नकली वस्तूही त्या काळात बाजारात आल्या होत्या. दुकानातच पेन घालून पाहावा. आकडा आला तर वस्तू तिथेच परत द्यावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून प्राणवायू सांगणाऱ्या ॲपवर आजारी माणसाच्या बाबतीत मुळीच विसंबू नये.

घ्यायचा झाल्यास नाडीच्या ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी किंवा लाट दाखवणारा ऑक्सिमीटर घ्यावा, कारण ती पट्टी अडखळत असेल तर आकडाही विश्वासार्ह नसतो हे लगेच ओळखता येते. आज हजार रुपयांच्या आत चांगला ऑक्सिमीटर मिळतो. घेतल्यावर एकदा आपल्या डॉक्टरांकडच्या उपकरणाशी ताडून पाहावा. दमा, फुप्फुसाचा जुना आजार किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या घरी तो असावा असे मला वाटते. निरोगी तरुणांच्या घरी त्याची रोजची गरज नाही. आमचा अजून चालतो आणि एस. टी. तले काका जिना चढून आल्यावर तो मागून घेतात. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. आमच्यात ते एकदा गळले होते.

पाचपैकी चार तारे. एक तारा मी कापला तो खोक्यातल्या माहितीपत्रकासाठी. बारीक इंग्रजीत छापलेल्या त्या घडीपत्रात प्रकाशाच्या तरंगलांबीपासून साठवणुकीच्या तापमानापर्यंत सगळे आहे, पण आकडा ९३ आला तर काय करावे, ८८ आला तर किती वेळात निघावे आणि निघताना सोबत काय न्यावे, याबद्दल त्यात एक ओळही नाही. आमच्याकडे ते काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून दिले होते. ज्या घरी अशा काकू नाहीत त्या घरासाठी ते छापून देणे विकणाऱ्यांना काहीच अवघड नाही.