न वळणारा स्क्रीन : पहिल्या डीएसएलआरचे नऊ महिने

सात काळे ठिपके. परवा जाळ्यातल्या कोळ्याचा फोटो मोठा करून पाहिला, तर मागच्या कोऱ्या आभाळात हे सात ठिपके. जुने फोटो उघडले, तर त्याच जागी तेच. सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, धूळ. लेन्सचं छिद्र मोठं असताना, म्हणजे एफ/४ ला, ती लपते. पण १:१ वर, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ/१६ चं बारीक छिद्र प्रत्यक्षात जवळपास एफ/३२, तिथे कण न् कण दिसतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने कॅमेरा हातात घ्यायच्या आधीच सांगितलं, "धूळ वॉरंटीत येत नाही." वर पंधरा दिवस ठेवून जा म्हणाला. घरी आलो, बॅटरी पूर्ण चार्ज केली (मध्येच संपली तर सेन्सरसमोरचा आरसा खाली येतो), मेनूतून आरसा वर उचलला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं आणि रबरी ब्लोअरने हवा मारली. पाच ठिपके गेले. दोन आहेत, राहू देत.

लिहायला बसलो ते या रागात, पण खरा राग स्क्रीनवर आहे.

कॅमेरा घेताना समोर दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) होत्या. सेन्सर सारखाच, २४ मेगापिक्सेल. एकीचा स्क्रीन पाठीला चिकटलेला, दुसरीचा बाहेर उघडून वळणारा. "मला काय सेल्फी काढायचेत?" असं म्हणून मी स्वस्तातली उचलली. ते वाक्य नऊ महिने फेडतोय. अळंबीची खालची बाजू टिपायची तर कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो, आणि मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा म्हणजे गाल चिखलात. एकदा तर नेमका मुंग्यांच्या रांगेवर आडवा झालो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर थेट पाहत, चित्र बरंच मोठं करून फोकस लावणं ही या कॅमेऱ्याची सगळ्यात उपयोगी सोय, पण स्क्रीन दिसेल तर ना! मागे छोटा आरसा धरून पाहिला. सगळं उलटं दिसतं आणि हात भलतीकडेच जातो. काटकोनी फाइंडर (व्ह्यूफाइंडरला लावून वरून डोकवायची नळी) कोणाचा तरी मागून आणला. मान वाचली, पण मुळात या वर्गातल्या बॉडीचा फाइंडर लहान आणि मंद. त्यात १:१ ला एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ इतकाच उजेड आत सोडते. संध्याकाळी विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे ज्या उणिवेची धास्ती होती, तिने काहीच बिघडवलं नाही. बॉडीत फोकस मोटर नाही, आणि मी घेतलेली १०० एमएमच्या आसपासची जुनी, वापरलेली मॅक्रो (जवळून टिपायची) लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालणारी. म्हणजे ऑटोफोकस बंद. पहिले दोन महिने हळहळलो. आता म्हणेन, पैसे वाचले. १:१ ला एफ/८ वर जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. आपला श्वास त्याहून जास्त हलवतो. फोकसची रिंग एका जागी ठेवायची, अंग पुढे-मागे झुलवायचं, चतुराचा डोळा लखलखीत दिसला की बटण. दहातले दोन बरे येतात. आधी चार येतील असं वाटायचं.

त्याआधी ५० एमएमच्या लेन्समागे ५० एमएमच्या स्वस्त ट्यूब (लेन्स बॉडीपासून लांब नेणाऱ्या पोकळ नळ्या) लावून झाल्या. १:१ मिळतं, हिशोब बरोबर आहे. पण त्या ट्यूबना संपर्कबिंदू नाहीत, त्यामुळे बॉडीवरून अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बदलता येत नाही. शिवाय किडा लेन्सच्या इतका जवळ की त्याच्यावर आपलीच सावली. नाकतोडा थांबेल कशाला? मोठ्या लेन्सने साधारण अर्धी वीत एवढं अंतर मिळतं, ते पुष्कळ झालं.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सबद्दल मात्र मत बदललं. तिला कपाटात टाकणार होतो. पण झाडासकट, जागेसकट फुलपाखरू दाखवायला तीच बरी पडते. तिची अदलाबदल गवतात बसून करायचो, तिथूनच ते सात ठिपके आले असणार.

फ्लॅश अंगचाच वापरतो. लेन्सच्या तोंडाभोवती पांढऱ्या पातळ फोमचा तुकडा अडकवला की लेन्सची सावली मरते; १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २००, आणि हात थरथरला तरी चालतं. फुकटात झालेलं हे एकच काम.

वळणाऱ्या स्क्रीनची जुनी बॉडी कोणी विकायला काढतंय का, पाहतोय. लेन्स हीच ठेवणार. तोवर बॅगेत प्लास्टिकचा एक मोठा तुकडा, आणि अंगात ती पँट, जी आता दुसऱ्या कुठेच घालता येत नाही.